‘अ डॉटर ऑफ द सामुराई’: पुस्तकाला साडेचार स्टार, मला आलेल्या कॉपीला एक

आधी कॉपीचं रडगाणं गाऊन घेते आणि मग पुस्तकाकडे वळते, कारण ज्यांना हे मागवायचंय त्यांच्या ते कामाचं आहे. ऑनलाइन मागवलं, ३४० रुपये, अकराव्या दिवशी आलं. गुहागरला घरपोच वगैरे प्रकार पावसाळ्यात विसरायचा, कुरियरचा पोरगा चिपळूणहून येतो, स्टँडजवळच्या दुकानात पार्सलं टाकतो आणि फोन करतो, "वैनी, तुमचा पार्सल हाय, घेवन जावा लवकर, पाऊस भरलाय". तर गेले छत्री घेऊन, आणलं, उघडलं, आणि पहिल्याच पानाला कळलं की हे कुणीतरी जुन्या पुस्तकाचा स्कॅन मारून छापलेलं आहे. अक्षर औषधाच्या बाटलीबरोबर येणाऱ्या कागदाएवढं, कडेच्या ओळी शिवणीत गेलेल्या, आणि मधली पाच पानं चक्क कोरी. मुखपृष्ठावरच्या बाईने जो ड्रेस घातलाय तो किमोनोसुद्धा नाही, चिनी आहे, एवढं तर मलाही कळतं. विकणाऱ्याला मेसेज केला तर म्हणे रिटर्नची मुदत संपली. अहो, मुदत तुमच्या कुरियरमध्येच संपली की.

हे असं का होतं तर पुस्तक १९२५ सालचं आहे, अमेरिकेत त्याचा कॉपीराइट २०२१ पासून उठलाय, त्यामुळे आता कुणीही उठतो आणि छापतो. म्हणून मागवताना आतली पानं दाखवतात का ते बघा, आणि ज्यांना स्क्रीनवर वाचायची सवय आहे त्यांनी सरळ स्क्रीनवर वाचा. मला जमत नाही, डोळे चुरचुरतात, आणि आमच्याकडे जुलैत लाईट जाते ती कधी येईल ते महादेवालाच ठाऊक.

आता पुस्तक. एत्सु इनागाकी सुगिमोतो ही बाई १८७० च्या दशकात जपानच्या वायव्येकडे, एचिगो प्रांतात नागाओका नावाच्या गावात जन्मली. वडील तिथल्या जहागिरीचे मोठे सामुराई कारभारी, म्हणजे आपल्याकडचे दिवाण म्हणा. १८६८ च्या आसपास बादशहाची सत्ता परत आली त्या यादवीत ते हरणाऱ्या बाजूला होते. शत्रूच्या हाती लागू नये म्हणून एत्सुच्या आईने स्वतःचा वाडा स्वतः पेटवून दिला, तर अशा सगळं गेलेल्या पण ताठा न गेलेल्या घरात ही वाढली. बारा-तेराव्या वर्षी अमेरिकेत व्यापार करणाऱ्या एका जपानी माणसाशी तिचं लग्न ठरवलं, मग इंग्रजी शिकायला तोक्योच्या मिशनरी शाळेत घातलं, तिथे ती ख्रिस्ती झाली, आणि १८९८ साली बोटीत बसून ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीला पोचली. दोन मुली झाल्या, नवरा गेला, मुलींना घेऊन जपानला परतली, काही वर्षांनी मुलींसाठी परत अमेरिकेला, आणि शेवटी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जपानी शिकवायला लागली. १९५० मध्ये वारली. इंग्रजी तिचं सोपं आहे, मी बी. ए. मराठीवाली, मलाही दर पानाला एखादाच शब्द बघावा लागला.

पहिलं प्रकरण एचिगोतल्या हिवाळ्याचं. आपल्याला जपान म्हटलं की गुलाबी फुलं आठवतात पण हिच्या गावात डिसेंबर ते मार्च-एप्रिल नुसता बर्फ, इतका की घरांच्या वळचणी रस्त्यावर पुढे काढलेल्या असायच्या आणि लोक त्या छपराखालून चालायचे, बाहेर पडायचं तर बर्फात पायऱ्या खणून वर चढायचं. आणि मग घरातली ती काळोखी, दिवे, चुलीभोवती बसलेल्या बाया, गोष्टी सांगणारी आजी. हे मी पडवीत बसून वाचत होते, पुढे झाप बांधलेले, कौलांवरून पागोळ्या अखंड, दुपारी दोनला लाईट लावावी लागेल इतका अंधार (आणि लाईट नाहीच), आतून चुलीचा धूर. खरं सांगते, क्षणभर मला वाटलं ही बाई आमच्याच आगरातल्या घराबद्दल लिहितेय, फक्त पाऊस गोठलाय. नळे परतणं, लाकडं भरून ठेवणं, मेच्या शेवटापर्यंत बेगमी, साठं वाळवून डब्यात, फणसाचे गरे तळून, कोकमं, सुपारी, ही सगळी धांदल चार महिने कोंडून घेण्याचीच असते ना. ज्यांनी कोकणातला पावसाळा घरात बसून काढलाय त्यांना हे प्रकरण वेगळंच लागेल. चाकरमानी मंडळींना, जे फक्त गणपतीला पाच दिवस येतात आणि "काय सुंदर हिरवंगार" म्हणून फोटो काढतात, त्यांना बहुतेक नाही लागायचं.

लहानपणीच्या शिस्तीच्या गोष्टी वाचताना राग येतो. ही जन्मली तेव्हा नाळ गळ्याभोवती गुंडाळलेली होती, भिक्षूच्या माळेसारखी, म्हणून तिला मठात द्यायचं ठरलेलं आणि त्यामुळे मुलांसारखं शिक्षण, समोर गुरुजी, पुढ्यात चिनी ग्रंथ. धडा चालू असताना अंग हलवायचं नाही. एकदा ही जराशी हलली, म्हणजे नुसती कललीच, तर गुरुजींनी हळूच पुस्तक मिटलं आणि म्हणाले की आज आपलं चित्त अभ्यासाला योग्य नाही, आपण खोलीत जाऊन चिंतन करावं. ओरडा नाही, छडी नाही, आणि पोर लाजेने अर्धमेली. ऐन थंडीत विस्तव नसलेल्या खोलीत बसून अक्षरं गिरवायची, हात जांभळा पडायचा, दाई बघून रडायची. हे ती अशा सुरात सांगते की जणू प्रसाद मिळाला. मी वर्ध्याची, आमच्याकडे घरात आवाज चढल्याशिवाय जेवण पचत नाही, मला हे झेपलं नाही.

आणि मग तोक्योची शाळा येते, तिथे परदेशी बाईंनी प्रत्येक मुलीला जमिनीचा एक तुकडा दिला, यात हवं ते लाव. हवं ते! या मुलीला आयुष्यात पहिल्यांदा कुणी तरी "हवं ते" म्हणालं होतं. बाकीच्यांनी फुलं लावली असतील, हिने बटाटे लावले. सामुराईच्या मुलीने बटाटे. पुस्तकभर ती कुठेही मूठ आवळत नाही की भाषण देत नाही, पण बटाट्यांच्या त्या पानावर मी थांबले, पुस्तक उलटं ठेवलं आणि चहा टाकायला गेले. सासूबाई तिथेच सुपारी सोलत बसल्या होत्या, त्यांना सांगितलं. त्यांचं काय म्हणणं पडलं ते शेवटी सांगते.

माझं सगळ्यात आवडतं प्रकरण मात्र गोमांसाचं. दचकू नका. बौद्ध घर, पिढ्यान्‌पिढ्या चार पायांच्या प्राण्याचं मांस शिवलेलं नाही, आणि एक दिवस तब्येतीसाठी, ताकद यावी म्हणून, वडील ठरवतात की आज घरात ते शिजणार. तर मोलकरीण रडत रडत देव्हाऱ्याच्या दारांना कागद चिकटवून ती बंद करते, पूर्वजांना वास जाऊ नये म्हणून. आजी त्या दिवशी जेवायलाच येत नाही, तिची जागा रिकामी. आणि मुली? मुली एकमेकींच्या कानात कुजबुजतात की चव बरी होती हं.

आता आमच्या घरची गोष्ट ऐका. माझा मुलगा पाच वर्षांचा असताना टायफॉइडने पार वाळून गेला, डॉक्टर म्हणाले रोज एक अंडं द्या. आमचं घर कसलं, तर चातुर्मासात कांदा-लसूणसुद्धा पडवीच्या अलीकडे येत नाही. सासरे दोन दिवस काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "पोराला हवं तर द्या, पण आत नको." झालं, मागच्या पडवीत स्टोव्ह, एक ॲल्युमिनियमचं पातेलं, एक चमचा, त्याला वेगळा खिळा ठोकला भिंतीत. रोज सकाळी मी अंडं उकडायला बाहेर गेले की सासूबाई उठून देवघराची दोन्ही दारं लावून घ्यायच्या, कडी सरकवल्याचा आवाज यायचा, आणि मग परसात जाऊन जप करत बसायच्या. मला तेव्हा त्या कडीचा भयंकर राग यायचा, वाटायचं माझ्या तोंडावर लावतायत. अठरा वर्षं झाली. पोरगा आता पुण्याला मेसवर काय काय खातो ते विचारायची सोय नाही आणि ते पातेलं अजून त्याच खिळ्याला आहे, कुंड्यांना पाणी घालायला वापरतो. ही जपानी गोष्ट वाचल्यावर मला पहिल्यांदा लक्षात आलं की त्या बाईने मला एकदाही अडवलं नव्हतं. दार लावून घेतलं, बस. तिच्याकडून तेवढंच होण्यासारखं होतं.

केसांचं प्रकरणही असंच चटका लावणारं. एत्सुचे केस कुरळे, आणि तिथे कुरळे केस म्हणजे जनावराचे केस, खानदानी मुलीला शोभत नाहीत. सणासमारंभाच्या आधी गरम चहाचं पाणी आणि सुगंधी तेल चोपडून ताणून ताणून सरळ करायचे. एकदा ही काहीतरी बोलून गेली की केस सरळ झाले तर साधे कपडेही चालतील, तर आईने अशी काही थंड समज दिली की पन्नास वर्षांनीही विसरली नसावी. माझ्या मुलीचे केस असेच, माझ्यावर गेलेत, तिने मागच्या वर्षी चिपळूणला जाऊन पाच हजार घालून सरळ करून आणले, गुहागरची दमट हवा लागली आणि चार महिन्यांत मुळाशी परत वेटोळी. तिला हे प्रकरण वाचायला दिलं. म्हणाली, "आई, चहा स्वस्त पडला असता."

अमेरिकेचा भाग सुरू होतो तिथे मला वाटलं होतं आता "किती प्रगत, किती मोकळं" असं चालू होणार. तसं होत नाही. उतरल्या उतरल्या होणारा नवरा, ज्याला ती पहिल्यांदाच बघतेय, तो विचारतो जपानी कपडे का घालून आलीस! घरच्यांनी मारे खलबतं करून ठरवलेलं असतं की काय घालून जावं. लग्नाच्या आधीचं पहिलं बोलणं हे. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या आठवड्यात मी "मी जेवून राहिली" म्हणाले तर माजघरातून खसखस पिकली होती, आणि इथल्या ताटात भाताच्या डोंगराशेजारी माझी भाकरी कुठेच नव्हती, आमटीत गूळ, भाजीत गूळ, सगळ्यावर नारळ. बोट लागत नाही म्हणून काय झालं, वर्धा ते गुहागर हेही काही कमी अंतर नाही.

आणि पैशाचं निरीक्षण तर भारीच. तिला धक्का बसतो की अमेरिकेतल्या, हॅट घालून मोकळ्या फिरणाऱ्या बायकांना घरखर्चालासुद्धा नवऱ्याकडे हात पसरावा लागतो, कारण तिच्याकडच्या जुन्या रीतीत घराची थैली बायकोच्या हातात, नवरा कमावून आणून देणार आणि ही हिशोब ठेवणार. ज्यांना आपण मागासलेलं म्हणतो त्या घरात कधीकधी चाव्या बाईच्या कनवटीला असतात. आमच्याकडे आंब्याचे आणि सुपारीचे पैसे आजही सासूबाईंच्या स्टीलच्या डब्यात जातात आणि सासऱ्यांना दाढीच्या ब्लेडसाठी मागावे लागतात, हे मी मैत्रिणींना सांगते तेव्हा कुणी विश्वास ठेवत नाही.

आता खटकलेलं. बाई फार सभ्य आहे, अति सभ्य. सगळे चांगले, सगळे प्रेमळ, शेजारीण देवता, ती जिच्या घरी राहिली ती अमेरिकन "मदर" तर देवताच. इतक्या वर्षांत एकाही माणसाने रस्त्यात वाईट शब्द वापरला नसेल का? मी जरा शोधलं. हे लेख मासिकात आले १९२३-२४ मध्ये आणि १९२४ लाच अमेरिकेने कायदा करून जपान्यांचं येणं बंद करून टाकलं. त्याच्या दोन वर्षं आधी तिथल्या सुप्रीम कोर्टाने जपानी माणसाला नागरिकत्व मिळू शकत नाही असा निकालही दिलेला. म्हणजे दार तोंडावर बंद होत असताना ही बाई उंबऱ्यात उभी राहून हसून म्हणतेय, आमच्या घरात असं असतं बघा, तुमच्यासारखंच. हे कळल्यावर तिचा गोडवा मला वेगळा दिसायला लागला, पण तरी एक स्टार नाही तर अर्धा तरी कापणारच, कारण मला ती एकदा तरी चिडलेली बघायची होती.

दुसरं म्हणजे नोकरमाणसं. दाई इशी, म्हातारा जिया, तोशी, सगळी तिच्यावर जीव टाकणारी आणि तिचाही त्यांच्यावर जीव, खोटं वाटत नाही. पण त्यांना घरी काय होतं, त्यांची पोरं कुठे होती, हा प्रश्न तिला शिवत नाही. आजारी कुत्र्याला स्वतःची रेशमी उशी दिली म्हणून बोलणी बसतात, का तर ज्याने त्याने आपल्या पायरीवर राहावं. ती गोष्ट ती कुत्र्याची म्हणून सांगते, मला मात्र ती कुत्र्याची वाटली नाही. आमचं सासर खोतांचं, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांचं. १९४९ च्या कायद्याने खोती गेली, पण अजून एखादा म्हातारा येतो तो ओटीवर न चढता पाखाडीवरूनच बोलतो, चहा घे म्हटलं तर अंगणातच उकिडवा बसतो, आणि घरातली मंडळी "किती मायेची माणसं" म्हणून कौतुक करतात. पुस्तकातली माया वाचताना मला सारखा तो अंगणातला कप दिसत होता.

नवरा पुस्तकात असून नसल्यासारखा. मेला तेव्हाही आटोपशीर. कुणाला तो संयम वाटेल, मला चुकल्यासारखं वाटलं.

इथे आपल्या लक्ष्मीबाई टिळक आठवल्याशिवाय राहत नाहीत. त्याही जुन्या वळणाच्या घरातल्या, त्याही पुढे ख्रिस्ती झालेल्या, सोवळं सुटता सुटता झालेले हाल त्यांनीही सांगितलेत. पण लक्ष्मीबाई स्वतःची फजिती सांगताना पदर सावरत खदखदून हसतात आणि टिळकांची तर भर बाजारात हजेरी घेतात. सुगिमोतो हसते ती बाहीआड. ‘स्मृतिचित्रे’ वाचून मोठं झालेल्या माणसाला हे पुस्तक थोडं अळणी लागणार, हे आधीच सांगून ठेवते. मीठ आहे, पण तळाशी आहे, ढवळावं लागतं.

आणि तो फोटो तुम्ही पाहिला असेल, १८८५ सालचा, फिलाडेल्फियाच्या बायकांच्या मेडिकल कॉलेजातला. आपल्या आनंदीबाई जोशी साडीत, बाजूला जपानची केई ओकामी किमोनोत, आणि तिसरी सीरियाची तिच्या पोषाखात. सुगिमोतो अमेरिकेत पोचली त्याच्या तेरा वर्षं आधीचा. पूर्वी मी त्यात फक्त आनंदीबाईच बघायचे, आता मधल्या बाईकडे नजर जाते, हिलाही कुणी तरी विचारलं असेल का, हे काय घालून आलीस.

शेवटचा भाग, मुलींना घेऊन जपानला परतल्यानंतरचा, तो मला सगळ्यात खरा वाटला. मोठी हानानो अमेरिकेत वाढलेली, मोकळी, बडबडी. जपानला आल्यावर आजीच्या, म्हणजे एत्सुच्या आईच्या, हाताखाली ती हळूहळू शहाणी मुलगी होत जाते, वाकून नमस्कार, हळू चालणं, हळू बोलणं. सगळे कौतुक करतात आणि आईला मात्र दिसतं की पोरीच्या डोळ्यातलं काहीतरी विझतंय. ही शिस्त तिने स्वतः भोगलेली, तिला ती प्यारी, आणि तीच मुलीवर चढताना बघवत नाही. इथे तिचा तो सभ्य सूर पहिल्यांदा थरथरतो. मी ते प्रकरण एका बैठकीत वाचलं, आमटी उतू गेली, शेगडी विझली, तरी उठले नाही.

घ्यावं का? घ्या. इंग्रजीला घाबरणाऱ्यांनीही घ्या. थरार हवा असेल तर नका घेऊ, नावात सामुराई आहे म्हणून तलवारीच्या आशेने मागवाल तर फसाल, तलवारीपेक्षा लोणच्याच्या बरण्या जास्त आहेत. पावसाळ्यात वाचा. आणि कृपा करून माझ्यासारखी कॉपी घेऊ नका.

कारण ते बटाट्यांचं राहिलंच. मी मोठ्या हौसेने सासूबाईंना सगळं सांगितलं, ती बाग, ती मुलगी, बाकीच्यांची फुलं आणि हिचे बटाटे. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला, सगळं नीट ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या, "आपल्या जांभ्यात नाही हो होत बटाटे, कणगरं होतात. तिला लागले का मग?"

आत जाऊन पान उलटून बघितलं, पुढची दोन पानं कोरी.